समुद्रासमोर रात्र काढायची तर: फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे मोटरहोमचे मुक्काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. श्टुटगार्टला राहणारं कुटुंब: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेल्या आई. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून चौदा दिवसांसाठी सात मीटर लांबीचं, साडेतीन टनांचं मोटरहोम भाड्याने घेऊन नॉर्मंडी, ब्रिटनी करत खाली वाँदेपर्यंत किनाऱ्याने जायचं आहे. ‘अ‍ॅपवर समुद्रालगत भरपूर जागा दिसतात. तिथे फुकटात रात्र काढली तर चालतं का? आणि आईंना घेऊन ते सुरक्षित आहे का?’

चालतं, पण तुम्ही म्हणताय त्या महिन्यात आणि त्या जागांवर बहुतेक वेळा नाही. आणि खरं सांगायचं तर फुकट की विकत हा तुमचा मोठा प्रश्नच नाही. चार माणसांची गाडी ऐन सुट्टीच्या दिवसांत किनाऱ्याने फिरवायची म्हणजे रोज तीन गोष्टी जमवाव्या लागतात: दुपारपर्यंत उभं राहायला जागा, दीड-दोन दिवसांनी टॉयलेटची कॅसेट (खालची मैला साठणारी, बाहेर काढता येणारी टाकी) रिकामी करायला ठिकाण, आणि पिण्याचं पाणी. या तीन जमल्या की समुद्र कुठूनही दिसतो.

आधी कायद्याचं, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. फ्रान्समध्ये गाडी उभी करणं वेगळं आणि कॅम्पिंग वेगळं. कायद्याच्या नजरेत मोटरहोम ही साधी मोटारगाडी आहे. जिथे मोटार उभी करायला परवानगी आहे आणि आखलेल्या चौकटीत तुमची गाडी मावते, तिथे ती उभी राहू शकते. आत कोणी झोपलंय का, याच्याशी सहसा कोणाला देणंघेणं नसतं. पण ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छत) उघडलं, दाराबाहेर दोन खुर्च्या मांडल्या, चाकांखाली उतरते ठोकळे सरकवले, की ते कॅम्पिंग धरलं जाऊ शकतं. आणि कॅम्पिंगला समुद्रकिनाऱ्यावर, संरक्षित निसर्गस्थळांवर, ऐतिहासिक वास्तूंच्या परिसरात आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून २०० मीटरच्या आत मनाई आहे. म्हणून एकाच वाहनतळावर एक गाडी रात्रभर निवांत उभी असते आणि शेजारच्या गाडीच्या काचेवर सकाळी पोलीस टकटक करतात. दुसऱ्या गाडीवाल्याने आदल्या संध्याकाळी टेबल बाहेर काढलेलं असतं.

त्यावर दुसरा थर आहे गावाच्या मेअरचा. रस्त्यावरच्या पार्किंगचे नियम करण्याचा अधिकार मेअरला असतो आणि किनाऱ्यावरची गावं तो मोकळेपणाने वापरतात. मोटरहोमला मनाई करणारी पाटी गावाच्या वेशीवर असेल तर ती एका वाहनतळापुरती नसते, सगळ्या गावाला लागू असते. पाटीखालची छोटी पट्टी नीट वाचा. तिथे मोटरहोमचं चित्र आणि वेळ असते, उदाहरणार्थ २२ ते ७. म्हणजे दिवसा या, पोहा, जेवा, रात्री निघा. आठवडी बाजाराची पाटीही अशीच वाचायची. बऱ्याच गावांत मोटरहोमची जागा आणि बाजाराचं मैदान एकच असतं. पाटीवर ‘मार्शे’ म्हणजे बाजार, वार आणि वेळ लिहिलेली असेल तर त्या पहाटे गाडी टोचन लावून नेली जाऊ शकते. साध्या अडथळ्याच्या पार्किंगला ३५ युरो दंड, फारच अडचणीच्या जागी १३५. कुठेही एकाच ठिकाणी सलग सात दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. तुम्हाला ही मर्यादा अडणार नाही, कारण किनाऱ्यावर ती बहुधा २४ किंवा ४८ तासच असते.

पाट्यांच्या जोडीला लोखंडी कमान असते. किनाऱ्यावरच्या बऱ्याच वाहनतळांच्या तोंडाशी दोन मीटरच्या आसपास आडवा बार टाकलेला असतो. तुमची गाडी पावणेतीन-तीन मीटर उंच असणार. गाडीची नेमकी उंची (छतावरचा एसी किंवा अँटेना धरून) कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा. पाहुण्या चालकाला ती ऐनवेळी कधीच आठवत नाही. आणि अ‍ॅपवर चार वर्षांपूर्वीचे फोटो बघून थेट समुद्राच्या गल्लीत शिरू नका. मागे कमान, पुढे कमान, वळायला जागा नाही, आणि पाठीमागे वीस मोटारी: यातून बाहेर पडायला अर्धा तास सहज जातो.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. मेच्या मध्यात किंवा सप्टेंबरच्या अखेरीला हाच प्रश्न आला असता तर उत्तर बरंच सैल दिलं असतं. तेव्हा नॉर्मंडीच्या छोट्या बंदरांत धक्क्यालगत रात्री जागा असते आणि कोणी हटकत नाही. जुलैच्या मध्यापासून १५ ऑगस्टच्या सुट्टीपर्यंत मात्र अख्खा फ्रान्स किनाऱ्यावर असतो. दुसरं म्हणजे गाडीची लांबी. सहा मीटरची व्हॅन मोटारीच्या चौकटीत कशीबशी बसते, सात मीटरची नाही. तिची मागची दीड-दोन मीटर बाहेर लोंबते आणि तेवढ्यावरच पावती फाटते. तिसरं, किनाऱ्याचा कोणता तुकडा. भूमध्य समुद्राकडची कोत दाझ्यूर ही मोटरहोमला सगळ्यात कठीण, ब्रिटनी आणि नॉर्मंडी तुलनेने उदार. या बाबतीत तुमचा मार्ग चांगला निवडला गेलाय.

मग राहायचं कुठे? फ्रान्समध्ये मोटरहोमसाठी नेमून दिलेल्या तळाला ‘एर’ म्हणतात. हा शब्द पाठ करा, पाटीवर तोच शोधायचा. जर्मनीतल्या श्टेलप्लाट्झसारखंच, फक्त जरा रांगडं. बहुतेक गावच्या पालिका चालवतात. कुठे डांबराचं मैदान, कुठे बंदराचा धक्का, कुठे फुटबॉलच्या मैदानामागची हिरवळ. काही फुकट, बाकीच्यांना मोसमानुसार ढोबळमानाने ५ ते १५ युरो, नामांकित ठिकाणी जास्त. पैसे भरायच्या तीन तऱ्हा: यंत्रातून चिठ्ठी काढून काचेमागे ठेवणं, कार्ड लावून बार उघडणं, किंवा सकाळ-संध्याकाळ पालिकेचा माणूस येऊन वसूल करणं. यंत्र परदेशी प्रीपेड कार्ड नाकारू शकतं, म्हणून साधं बँकेचं चिप असलेलं कार्ड आणि एक व दोन युरोची वीसेक नाणी वेगळ्या डबीत ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे ‘कँपिंग-कार पार्क’ या जाळ्याचे स्वयंचलित तळ. एकदा त्यांचं कार्ड घेतलं की देशभरचे त्यांचे बार त्याच कार्डाने उघडतात आणि किती जागा रिकाम्या आहेत ते त्यांच्या अ‍ॅपवर दिसतं. वीज, पाणी, निचरा सगळं आत. किनाऱ्यावरच्या ऑगस्टसाठी मी याला पालिकेच्या एरपेक्षा झुकतं माप देईन. जागा सुंदर असते म्हणून नाही. ‘जागा आहे की नाही’ हे तीस किलोमीटर आधी कळतं म्हणून.

तिसरा प्रकार ‘फ्रान्स पॅशन’. वर्षाची वर्गणी भरली की स्टिकर मिळतो आणि तो काचेला लावून तुम्ही सफरचंदाची सायडर करणाऱ्या, चीज बनवणाऱ्या, कालवं वाढवणाऱ्या शेतकऱ्यांच्या आवारात २४ तास फुकट थांबू शकता. खरेदीची सक्ती नाही. पण पोचल्यावर आधी घरात जाऊन नमस्कार-चमत्कार करायचा आणि निघताना सांगून निघायचं, हा रिवाज आहे. पाणी-निचरा मिळेल असं धरू नका. समुद्रापासून पाच-दहा किलोमीटर आत जायची तयारी असेल तर आईंसाठी या रात्री सगळ्यात शांत ठरतील.

चौथा प्रकार साधं कॅम्पिंग. चार माणसांना ऑगस्टमध्ये ३५-६० युरो पडतील, पण गरम पाण्याची न्हाणीघरं, कपडे धुवायचं यंत्र आणि बाहेर खुर्च्या टाकून बसायचा हक्क मिळतो. दर तिसऱ्या-चौथ्या रात्री एकदा घ्याच, आणि तेवढेच मुक्काम आधीपासून आरक्षित करा.

पार्क-फॉर-नाइट किंवा कॅम्परकॉन्टॅक्ट ही अ‍ॅपं वापरा, पण उलट्या बाजूने. फोटो आणि तारे बघू नका. शेवटच्या सहा आठवड्यांतल्या प्रतिक्रिया वाचा आणि त्यात ‘पोलीस’, ‘कमान’, ‘भरलेलं’, ‘बंद’ हे शब्द शोधा. ‘ऑर सेर्विस’ म्हणजे यंत्र बंद. फ्रेंच प्रतिक्रियांत हे सतत दिसेल.

वेळेबद्दल एकच नियम, पण तो चौदाही दिवस पाळा. मोटरहोमवाले सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान निघतात. म्हणजे जागा अकरा ते बारा या वेळात रिकाम्या असतात. दिवसभर फिरून संध्याकाळी सहाला समुद्रकिनाऱ्यावर जागा शोधायची ही मोटारीने फिरणाऱ्यांची सवय. मोटरहोममध्ये दिवस फिरवून घ्या: सकाळी साडेनऊला निघा, ७०-८० किलोमीटर जा, बारापर्यंत गाडी लावा, आत वरणभात करा आणि दुपारपासून पायी किंवा बसने समुद्रावर जा. संध्याकाळी जागेच्या शोधात वणवण करायची वेळच येत नाही. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तर लांब पल्ला अजिबात ठेवू नका. ‘बिझों फ्युते’ या सरकारी वाहतूक अंदाजात त्याच्या आसपासचा शनिवार बहुधा सगळ्यात वाईट, काळ्या रंगात दाखवलेला असतो.

आता कॅसेट. याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही, पण भारतीय कुटुंबाची सहल मोडते ती इथे. बऱ्याच गाड्यांतल्या टॉयलेटची कॅसेट साधारण १७ ते १९ लिटरची असते. चार माणसं फक्त कागद वापरत असतील तर दीड-दोन दिवस पुरते. आपण पाणी वापरतो. प्रत्येक वेळी एक तांब्या, म्हणजे लिटरभर, ओतला तर हीच कॅसेट एका दिवसात भरते आणि लाल दिवा पहाटे तीनला लागतो. तो लागल्यावर एखाद-दोन वेळचीच जागा उरलेली असते. उपाय असा की अर्ध्या लिटरची दाबायची बाटली ठेवा, एका वेळी पाव लिटरच्या आत भागतं. गाडीच्या फ्लशचं बटण क्षणभरच दाबा. दिवसा गावातली सार्वजनिक शौचालयं वापरा. बऱ्याचशा फ्रेंच किनारी गावांत ती असतात. आईंना हे निघण्याआधी घरीच समजावून सांगा. वाटेत सांगितलं तर संकोचाने त्या पाणी पिणंच कमी करतात, आणि जुलैच्या उन्हात ते नको.

रिकामी करायचं यंत्र कसं दिसतं? कमरेएवढी किंवा माणसाच्या उंचीची धातूची पेटी. एका बाजूला पिण्याच्या पाण्याचा नळ, दुसऱ्या बाजूला झाकणाचं भोक आणि त्यावर धुवायचा नळ, खाली जमिनीत सांडपाण्याची जाळी. यंत्र नाण्यावर, कार्डावर किंवा ‘झेतों’ नावाच्या टोकनवर चालतं. टोकन पर्यटन कार्यालयात किंवा जवळच्या बेकरीत मिळतं, आणि दोन्ही दुपारच्या जेवणाला बंद असू शकतात. साधारण दोन-तीन युरोत शंभर लिटर पाणी किंवा तासाभराची वीज. बटण दाबण्याआधी नळी जोडलेली हवी, कारण काही यंत्रं पाणी मोजून नाही, मिनिटं मोजून देतात.

क्रम महत्त्वाचा: आधी पिण्याचं पाणी, मग सांडपाणी, शेवटी कॅसेट. हात स्वच्छ असतानाच स्वच्छ काम उरकायचं. नळाचं तोंड आधी जंतुनाशकाने पुसा आणि अर्धा मिनिट पाणी वाहू द्या. तुमच्या आधीच्या माणसाने त्याच नळाला कॅसेट टेकवून धुतली नसेल याची खात्री कोणी देत नाही. ‘नों पोताब्ल’ लिहिलेला नळ म्हणजे पिण्याचा नव्हे. त्यातून टाकी भरायची नाही, घाई असली तरी. सोबत स्वतःची दहा-पंधरा मीटरची खाद्यदर्जाची नळी आणि अर्धा, पाऊण व एक इंचाचे आटे असलेले जोड ठेवा. काही नळांचे आटे मुद्दाम काढून टाकलेले असतात, त्यांच्यासाठी रबराचा, कुठल्याही तोटीवर चढणारा जोड लागतो. भाड्याच्या गाडीत तो नसतोच.

कॅसेट ओतताना तोटी बाहेर वळवा, झाकण काढून खिशात ठेवा (भोकात पडलेलं झाकण परत मिळत नाही), आणि ओतत असताना अंगठ्याने हवेचं बटण दाबून धरा. ते विसरलं की पाणी गटगट करत उसळतं आणि पायांवर येतं. दोन-तीन लिटर पाणी घालून हलवून दोनदा धुवा. परत बसवण्याआधी दोन लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलंय तेवढं रसायन. भरलेली कॅसेट वीस किलोच्या आसपास जाते, म्हणून हे काम आईंकडे किंवा मुलीकडे नको.

स्वयंपाकाचं सांडपाणी हीसुद्धा आपली खास अडचण. आमटीचं तेल आणि भाताची शितं सांडपाण्याच्या टाकीत गेली की तिसऱ्या दिवशी सिंकमधून आंबूस वास वर येतो. ताटं आधी कागदाने पुसा, सिंकला बारीक जाळी लावा आणि प्रत्येक रिकामं करण्याच्या वेळी टाकीत बादलीभर पाणी सोडून ती धुवा. फोडणी छताची खिडकी पूर्ण उघडून करा. गाद्यांत मुरलेला हिंग-मोहरीचा वास गाडी परत करताना स्वच्छतेच्या बिलात दिसतो. तीन लिटरचा कुकर जरूर न्या, गॅस निम्मा लागतो.

गॅसबद्दल: जर्मन सिलिंडर फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही. उन्हाळ्यात फ्रिज आणि स्वयंपाक मिळून दिवसाला साधारण अर्धा-पाऊण किलो धरा. अकरा किलोचं एक भरलेलं सिलिंडर चौदा दिवसांना जेमतेम पुरतं, म्हणून निघताना दोन्ही भरलेली असल्याची खात्री करून घ्या. विजेबद्दल: घरबॅटरी (इंजिनाची नव्हे, राहण्याच्या भागाची) ९५ अँपिअर-तासांची असेल तर त्यातले निम्मेच वापरता येतात. दिवे, पंप आणि फोन यांवर ती दोन दिवस चालते. मिक्सरला ती नाही. एका तासाच्या टोकन-विजेने वीसेक अँपिअर-तासच भरतात, त्यापेक्षा गाडी दोन तास चालवणं बरं. आणि सहा अँपिअरच्या जोडणीवर १,३८० वॉटच मिळतात, म्हणजे साध्या विजेच्या किटलीने शेजाऱ्यासकट सगळ्यांची वीज जाऊ शकते.

भरती-ओहोटी ब्रिटनी-नॉर्मंडीत गांभीर्याने घ्या. मों सें-मिशेलच्या खाडीत मोठ्या भरतीला पाणी १४ मीटरच्या आसपास चढतं. रोजच्या वेळापत्रकात ‘कोएफिसियां’ नावाचा आकडा असतो, २० ते १२०. तो शंभरच्या वर असेल आणि वारा समुद्राकडून असेल तर धक्क्याच्या पहिल्या रांगेत रात्र काढू नका. नुआरमूतिए बेटावर जाताना पासाज द्यु ग्वा हा चार किलोमीटरहून थोडा लांब रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, आणि ओहोटीच्या आधी-नंतर साधारण दीड तासच मोकळा असतो. मोटरहोमने सरळ पुलावरून जा, तो फुकट आहे. रस्ता बघायचा तर गाडी अलीकडे लावून चालत जा.

वाळू आणि ओलं गवत यांवर पुढच्या चाकांनी चालणारी गाडी लगेच रुतते, कारण वजन मागे असतं. निदान पुढची चाकं डांबरावर राहतील अशी लावा. ठोकळे घालायला मनाई असेल तिथे उतारावर गाडीचं तोंड फिरवून पाहा, म्हणजे झोपताना डोकं उंच बाजूला येईल. आईंना मागचा स्थिर पलंग द्या, छतातून खाली येणारा शिडीचा नाही. रात्री त्यांना टॉयलेटपर्यंत तीन पावलंच पडली पाहिजेत.

सुरक्षिततेचं म्हणाल तर गावातल्या एरवर, दहा गाड्यांच्या रांगेत, चिंता फारशी नाही. ज्या जागा टाळायच्या त्या म्हणजे मोटारमार्गालगतचे थांबे. तिथे रात्री झोपू नका, गाड्या तिथेच फोडल्या जातात. पुढच्या दोन्ही दारांच्या हँडलमधून सीटबेल्ट ओवून खटक्यात अडकवला की दार बाहेरून उघडत नाही. पासपोर्ट समोरच्या कप्प्यात ठेवू नका.

मार्गाबद्दल. ल त्रेपोर्ला एर कड्याच्या माथ्यावर आहे आणि खाली गावात जायला फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरची रुळांची गाडी. पहिल्या रात्रीला उत्तम. ऑनफ्लरला बंदराच्या कडेला मोठा एर आहे, जुन्या धक्क्यापर्यंत दहा मिनिटं चालत. दिसायला नुसतं मैदान, पण मोठा असल्याने तिथे जागा मिळण्याची शक्यता जास्त. मों सें-मिशेलला गाडी अडीच किलोमीटर अलीकडे लावून शटल बसने जायचं असतं. कांकालचा एर गावाच्या वरच्या अंगाला आहे, कालवं खायला बंदरावर उतरावं लागतं आणि परत चढण आहे. आईंना जमेल का ते बघा. सें-मालोच्या तटबंदीच्या आत गाडी न्यायचा विचारही नको. कीब्रों द्वीपकल्पावर पश्चिमेच्या खडकाळ बाजूला केर्ने इथे नेमलेली जागा आहे. सूर्यास्त समोर दिसतो, त्यामुळे बारानंतर पोचलात तर बाहेरच राहाल. ब्रिटनीत टोलचे मोटारमार्ग नाहीत. बाकी फ्रान्समध्ये तीन मीटरच्या आतली साडेतीन टनी गाडी दुसऱ्या वर्गात मोडते, तीन मीटर किंवा वर गेली की तिसऱ्यात.

वजनाची एक गोष्ट निघण्याआधीच करा. भरलेली टाकी म्हणजे शंभर किलो, चार माणसं, आणि आईंची पिठं-मसाल्यांची बॅग. साडेतीन टनांची मर्यादा अशा गाड्या फार पटकन ओलांडतात. श्टुटगार्टहून निघताना वजनकाट्यावर चढवा, जास्त भरलं तर टाकीत वीस-तीस लिटरच पाणी ठेवून निघा आणि पहिल्या एरवर भरून घ्या. आणि शेवटची रात्र निचऱ्याची सोय असलेल्या ठिकाणीच ठेवा. न धुतलेल्या कॅसेटसाठी भाडेकंपन्या अनामतीतून जी रक्कम कापतात, तेवढ्यात कांकालला चौघांची कालवं होतात.